‘साथी’ या शब्दाचा अर्थ

लोरीनानं तो कागद धुतलेल्या चादरींच्या ढिगावर ठेवला आणि वॉर्डाशेजारच्या कपड्यांच्या खोलीचं दार आतून लावून घेतलं.

"वाच," ती म्हणाली. "तिसरा मुद्दा. मोठ्यानं वाच."

सरकारी कागद होता, तिच्या नवऱ्याच्या, वॉल्टर टिब्जच्या नावानं आलेला. मी वाचू लागले. "तिसरा मुद्दा. आपण आपल्या राहत्या घरी वेळोवेळी बैठका घेतल्या असून, एका परदेशी व्यक्तीनं परदेशातल्या कम्युनिस्ट कामगार संघटनेच्या सभासदास लिहिलेल्या पत्रात आपला उल्लेख ‘कॉम्रेड’ असा केलेला आहे."

"या गावात परदेशी माणसं किती आहेत, हेमा?"

"स्टेशनसमोरचा ग्रीक हॉटेलवाला आहे," मी म्हटलं.

"त्यानं माझ्या घरात कधी पाऊल ठेवलेलं नाही."

तिनं चादरीचं एक टोक माझ्या हातात दिलं, दुसरं स्वतः धरलं, आणि आम्ही दोघी घड्या घालत राहिलो. वॉर्डातून घंटा वाजत होती, पण त्या दहा मिनिटांत आमच्यापैकी कुणीही तिकडे गेलं नाही.

हे १९५२ च्या मार्चमधलं. मी तेव्हा सव्वीस वर्षांची होते. अमेरिकेतल्या ओहायो राज्यात एका लहानशा गावच्या इस्पितळात दीड वर्षाच्या शिक्षणासाठी आले होते. मी मूळची नगरची, ख्रिस्ती, मकासरे. आई गेली तेव्हा मी सहा वर्षांची होते आणि माझा भाऊ शांतवन नऊचा. वडिलांनी आम्हाला मिशनच्या बोर्डिंगात आणून सोडलं आणि तिथं आम्हाला लोमिसबाई भेटल्या.

मिस ऑगस्टा लोमिस १९०९ साली नगरला आल्या आणि सदतीस वर्षं राहिल्या. त्या मुलींच्या बोर्डिंगाच्या प्रमुख. आमच्या डोक्यातल्या उवा काढणाऱ्या त्या, आम्हाला मोडी शिकवणाऱ्याही त्याच. त्यांचं मराठी असं होतं, की बाजारातली बागवानीण डोळे मिटून ऐके तर म्हणे, ही तर आमच्या शेवगावकडची. मला देवी आल्या तेव्हा बाई एकवीस दिवस माझ्या खाटेशेजारी जमिनीवर झोपल्या होत्या. मला आईचा चेहरा आठवत नाही. आई म्हटलं की बाईंचा चष्मा डोळ्यांपुढं येतो. खोटं कशाला सांगू, आजही येतो.

निवृत्त होऊन त्या आपल्या गावी, ओहायोला परतल्या आणि पाच वर्षांनी त्यांनीच खटपट करून मला तिथं बोलावून घेतलं. मी त्यांच्याच घरी राहत होते. वरच्या मजल्यावर माझी खोली. सकाळी बाई स्वतः चहा करत, आलं किसून घालत, आणि आम्ही दोघी स्वयंपाकघरात बसून मराठीत प्रार्थना करत असू. बाहेर बर्फ पडत असायचं. मी इस्पितळात गेले की बाई घर आवरत, वाचनालयात जात, मंगळवारी टपाल घेऊन जात, आणि संध्याकाळी माझ्यासाठी पिठलं करून ठेवत. चण्याचं पीठ त्या शिकागोहून मागवत. इतकं प्रेम माझ्यावर नगरातही कुणी केलं नव्हतं.

लोरीना माझ्याबरोबर स्त्रियांच्या वॉर्डात होती. वयानं माझ्याहून आठ वर्षं मोठी, निग्रो — तेव्हा हाच शब्द होता आणि तो त्यांच्या तोंडीही असे. पहिल्या दिवशी जेवणाच्या खोलीत सगळ्या गोऱ्या नर्सा एका टेबलाशी आणि लोरीना एकटी खिडकीपाशी, असं पाहून मी थबकले. कुठं बसायचं ते मला कुणी सांगितलं नाही. मी खिडकीपाशी गेले. नगरात माझ्या आजोबांना पाणवठ्यावर पाण्यासाठी किती वेळ उभं राहावं लागे ते मी ऐकलेलं होतं. लोरीनानं मला वर पाहून विचारलं, "तुला इथं बसायचंय, की तिकडे जागा नाही म्हणून आलीस?" मी म्हटलं, "बसायचंय." तेवढ्यावर आमची मैत्री जमली.

तिचा नवरा वॉल्टर युद्धात इटलीत लढून आला होता. मांडीत अजून लोखंडाचा तुकडा होता, त्यामुळे थंडीत तो लंगडायचा. परत आल्यावर त्याला टपाल कचेरीत पत्रं लावण्याची नोकरी मिळाली. त्यांच्या समाजात सरकारी नोकरी म्हणजे मोठी गोष्ट. आदल्या ऑक्टोबरात त्या दोघांनी एल्म रस्त्यावर घर घेतलं. त्या रस्त्यावर सगळी गोऱ्यांची वस्ती. पहिल्याच आठवड्यात पुढच्या खिडकीची तावदानं फुटली, दुसऱ्या आठवड्यात कुणी अंगणात मेलेली घूस टाकली. मग त्यांच्या चर्चमधले चारपाच जण, शाळेतले एक गोरे मास्तर आणि त्यांची बायको, असे पाळीपाळीनं संध्याकाळी त्यांच्या ओसरीवर येऊन बसू लागले. काही करायचे नाहीत. नुसते बसायचे, कॉफी प्यायचे, गाणी म्हणायचे, म्हणजे येणाऱ्याजाणाऱ्याला दिसावं की घरात माणसं आहेत.

मीही दोनतीन रविवारी गेले. आणि घरी येऊन शांतवनला पत्र लिहिलं.

शांतवननं चर्च सोडलं होतं. तो सोलापूरला गिरणीत लागला आणि युनियनचं काम करू लागला. समाजवाद्यांची युनियन. लाल बावट्याच्या कम्युनिस्टांशी त्यांचं विळ्या-भोपळ्याचं. सोलापुरात हे भांडण लाठ्याकाठ्यांवर यायचं. ओहायोत मात्र दोन्हींना एकच माप. त्या दिवसांत तिथं हवाच तशी होती. युद्ध संपून सात वर्षं झाली होती, कोरियात दुसरं चालू होतं, आणि घरोघरी रेडिओवर एकच विषय, आपल्यात लपलेले कम्युनिस्ट कोण. सरकारी नोकरांची निष्ठा तपासायला मंडळं बसली होती. तुम्ही कोणतं वर्तमानपत्र घेता, कुणाच्या घरी जाता, तुमच्या घरी काळे-गोरे एकत्र जेवतात का, असले प्रश्न विचारत. एखाद्यावर कुणी काय सांगितलं ते कळायचं, पण कुणी सांगितलं ते कधी कळायचं नाही.

त्या पत्रात मी लिहिलं होतं, मला अजून पाठ आहे: ‘दादा, काल संध्याकाळी टिब्जांच्या ओसरीवर बसले होते. वॉल्टर आपलाच साथी आहे, तुम्हा लोकांसारखाच. मोजकं बोलतो पण हटत नाही. अशी माणसं एक झाली तर इथलंही राज्य बदलेल.’

त्यातला ‘साथी’ त्यांनी उचलला होता.

"मी भावाला लिहिलं होतं," चादरी संपल्यावर मी लोरीनाला सांगितलं. "चांगलं लिहिलं होतं, लोरीना. आमच्या भाषेत तो शब्द म्हणजे सोबती. सोबत चालणारा. वॉशिंग्टनमधे कुणी अर्धवट मराठी जाणणाऱ्यानं त्याचं कॉम्रेड केलं."

"पत्र फोडलं कुणी?"

"सरकारच फोडतं म्हणे परदेशची पत्रं."

तिनं तो कागद घडी करून खिशात घातला. मग म्हणाली, "दोन आठवड्यांनी क्लीव्हलँडला सुनावणी आहे. वकील म्हणतो, त्या शब्दाचा अर्थ सांगणारं कुणी भारदस्त माणूस मिळालं तर हा मुद्दा पडेल. बाकीच्या दोन मुद्द्यांत काही दम नाही. तू स्वतः सांगून चालणार नाही. ते पत्र तुझंच."

मला हसू फुटलं. इतकं हलकं वाटलं. "लोरीना, माणूस आहे. सबंध अमेरिकेत याहून चांगलं माणूस मिळायचं नाही."

संध्याकाळी मी बाईंना सांगितलं. त्या स्वयंपाकघरात कांदा चिरत होत्या. सगळं ऐकून घेईपर्यंत त्यांची सुरी चालूच होती.

"बाई, तुम्ही यायचं आणि सांगायचं. बास. साथी म्हणजे काय ते तुमच्यासारखं कोण सांगणार?"

"मला यायला सांगू नकोस, हेमा."

"का?"

"मी आले तर शपथ घ्यावी लागेल. शपथ घेतली की मी खरं तेच बोलेन."

"मग खरंच तर बोलायचंय, बाई! वॉल्टरला दुसरं काय हवंय?"

बाईंनी सुरी खाली ठेवली, पदर नसताना पदरानं डोळे टिपल्यासारखा हात चेहऱ्यावरून फिरवला. कांद्यानं, असं मला वाटलं. त्या वर्षी त्यांचं मन तसंही ठिकाणावर नव्हतं. त्यांची धाकटी बहीण कॉर्डेलिया चीनमधे मिशनरी होती. नव्या राजवटीनं तिला चौदा महिने कोठडीत ठेवलं. सुटून हाँगकाँगमार्गे ती नोव्हेंबरात घरी आली तेव्हा तिच्या हातांची नखं गेलेली होती आणि ती कुणालाच ओळखत नव्हती. याच घरात, खालच्या खोलीत, वीस दिवसांत वारली. मीच तिची शुश्रूषा केली. बाई रडल्या नाहीत. दफन झाल्यावर त्यांनी बहिणीच्या खोलीच्या भिंती स्वतःच्या हातांनी धुऊन काढल्या.

"मी तुम्हाला कधी काही मागितलं नाही," मी म्हटलं.

"नाही मागितलंस," बाई म्हणाल्या. "खचित नाही." आणि सुरी पुन्हा उचलत, "बरं. येईन."

सुनावणीच्या दिवशी आम्ही चौघं वकिलांच्या मोटारीतून क्लीव्हलँडला गेलो. पुढं वकील मिस्टर ग्रीली आणि वॉल्टर, मागं बाई आणि मी. लोरीनाला रजा मिळाली नव्हती. ती दुपारच्या बसनं येणार होती. वॉल्टरनं काळा सूट घातला होता आणि छातीवर लष्कराचं पदक लावलं होतं. वाटेत तो एकदाच बोलला. मागं वळून बाईंना म्हणाला, "मॅडम, या वयात तुम्ही माझ्यासाठी एवढे कष्ट घेताय. मी हे विसरणार नाही." बाईंनी खिडकीबाहेर पाहत मान हलवली.

सुनावणीची खोली शाळेच्या वर्गासारखी होती. लांब टेबलामागं तीन माणसं. मधला अध्यक्ष, पांढऱ्या केसांचा, सभ्य, थकलेला. कुणीही आवाज चढवला नाही. सगळे एकमेकांना सर म्हणत होते. पहिले दोन मुद्दे तासाभरात झाले. कॉफी प्यायला गोरे मास्तर येत, हा एक. वॉल्टरच्या कपाटात निग्रोंच्या हक्कांविषयीचं एक मासिक होतं, हा दुसरा. अध्यक्षानं दोन्हींवर नुसती टाचणं केली. मग मिस्टर ग्रीलींनी तिसरा मुद्दा काढला आणि बाईंना बोलावलं.

बाईंनी बायबलवर हात ठेवून शपथ घेतली. त्या ताठ बसल्या होत्या. मी दुसऱ्या ओळीत होते. त्या आपल्याकडे पाहतील म्हणून मी थोडी पुढं वाकून बसले.

"मिस लोमिस, आपण मराठी भाषा किती वर्षं बोलता?"

"त्रेचाळीस."

मिस्टर ग्रीलींनी त्यांना टंकलिखित कागद दिला. त्यात माझ्या पत्रातल्या त्या ओळी रोमन अक्षरांत, आणि त्याखाली इंग्रजी भाषांतर.

"यात ‘साथी’ असा शब्द आहे. त्याचा अर्थ सोबती, मित्र असा होतो का?"

"होतो. सोबत चालणारा."

वॉल्टरचे खांदे खाली आलेले मला मागून दिसले.

"म्हणजे," मिस्टर ग्रीली मंडळाकडे वळून म्हणाले, "भाषांतरकारापुढं साधा, निरुपद्रवी अर्थ होता. तरी त्यानं ‘कॉम्रेड’ हा घातक अर्थ निवडला."

"घातक नाही," बाई म्हणाल्या. "योग्य."

मिस्टर ग्रीलींना वाटलं त्यांनी प्रश्न नीट ऐकला नाही. "मी विचारतोय—"

"आपला प्रश्न मला समजला. ख्रिस्ती मुलगी आपल्या मित्राला मित्र म्हणते, सोबती म्हणते, बंधू म्हणते. साथी हा शब्द तिच्या भावाच्या सभेतला. ते लोक एकमेकांना तशी हाक मारतात. ती लिहिते, ‘आपलाच साथी, तुम्हा लोकांसारखाच.’ तिला काय म्हणायचंय ते मला ठाऊक आहे. कॉम्रेड हाच शब्द."

"बाई!" माझ्या तोंडून निघून गेलं. अध्यक्षानं माझ्याकडे पाहून बोट उचललं.

मिस्टर ग्रीलींचा चेहरा लाल झाला. म्हातारा वकील, आपलाच साक्षीदार उलटलेला. ते चिडून म्हणाले, "मिस लोमिस, वॉशिंग्टनमधे खुर्चीत बसलेल्या कुणा भाषांतरकाराच्या मनात काय होतं, हे आपण कसं सांगू शकता?"

"भाषांतरकार वॉशिंग्टनमधे बसलेला नाही," बाई म्हणाल्या.

अध्यक्ष घाईनं म्हणाला, "मिस लोमिस, या प्रश्नाचं उत्तर देण्याची गरज नाही. आपण उत्तर देऊ नये, असा माझा सल्ला आहे."

"मी शपथ घेतली आहे," बाई त्याला म्हणाल्या. "भाषांतर माझं आहे."

खोलीत पंखा नव्हता, खिडक्या बंद होत्या. वाफेच्या नळाचा टकटक आवाज तेवढा येत होता. मिस्टर ग्रीलींनी कागद टेबलावर ठेवला. मग अगदी हळू आवाजात, जणू स्वतःलाच, त्यांनी विचारलं, "आपल्याला ते पत्र कुणी दिलं?"

"हेमानं."

"कशासाठी?"

"टपालात टाकायला."

"आणि त्याचं भाषांतर करायला आपल्याला कुणी सांगितलं?"

"कुणीही नाही," बाई म्हणाल्या. "मी स्वतः सरकारी माणसांकडे घेऊन गेले."

वॉल्टर वळला. त्यानं बाईंकडे पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं. त्यात राग नव्हता. रस्त्यात कुणी ओळखीचं वाटावं आणि जवळ गेल्यावर ते दुसरंच कुणी निघावं, तशी नजर. तीस वर्षं मी रोग्यांच्या नजरा पाहिल्या. तशी दुसरी पाहिली नाही.

बाहेर पायऱ्यांवर ऊन होतं. मिस्टर ग्रीली वॉल्टरला घेऊन मोटारीकडे गेले होते. बाई कठड्याला धरून एकेक पायरी उतरत होत्या. एरवी मी त्यांचा हात धरला असता.

"किती पत्रं?" मी विचारलं.

"अकरा."

"सगळी फोडलीत?"

"वाफेवर उघडून पुन्हा चिकटवली. शांतवनला सगळी पोचली. मी एकही पत्र अडवलं नाही, हेमा. तेवढा विश्वास ठेव."

त्या असं म्हणाल्या, आणि त्यांना स्वतःला त्यात काही वावगं वाटलं नाही.

"कॉर्डेलियाला ज्यांनी मारलं," त्या म्हणाल्या, "तीही चांगलीच माणसं होती. पकडून देणारी तिचीच विद्यार्थिनी. तिनं शिकवून मोठी केलेली पोर. तीही असंच लिहीत असे, माणसं एक झाली की राज्य बदलेल. मला वाटलं, आधीच कुणी पाहिलं असतं, कुणी सांगितलं असतं तर..."

"वॉल्टरनं कुणाला मारलं, बाई? त्याच्या खिडक्या लोकांनी फोडल्या."

"त्याचं मी काही वाईट लिहिलं नाही. तू लिहिलंस तेवढंच लिहिलं. एक अक्षर खोटं घातलं नाही."

"खोटं घातलं असतं तर मला खोडता आलं असतं."

त्या थांबल्या. उन्हानं की कशानं, त्यांचे डोळे मिचमिचत होते. "तुला कुणी हात लावणार नाही," त्या म्हणाल्या. "ते मी आधी कबूल करून घेतलं. पहिल्याच दिवशी. म्हटलं, पोर निष्पाप आहे, तिला परत पाठवायचं नाही, तिचं शिक्षण पुरं व्हायला हवं. त्यांनी शब्द दिला."

मी पायरीवर बसले. म्हणजे पहिल्याच दिवशी त्यांनी सौदा ठरवला होता, आणि मी एकीकडे त्यांच्या हातचं पिठलं खात होते. मला वाचवायला त्यांनी जे दिलं ते त्यांचं नव्हतंच. ते टिब्जांचं होतं.

"घरी चल," बाई म्हणाल्या. "ऊठ, बाळ. लोक पाहतात."

तेवढ्यात समोरच्या फुटपाथवरून लोरीना येताना दिसली. बसमधून उतरून धावतच आली होती. डोक्यावरची हॅट हातात. तिनं पायऱ्यांवर बसलेली मी पाहिली, कठड्याशी बाई पाहिल्या, आणि धावणं थांबवलं. मग ती हळूहळू चालत आमच्यापर्यंत आली.

मी तिला सगळं सांगितलं. तिथंच, बाईंच्या समोर. कुणी नेलं, कसं नेलं, किती पत्रं. लोरीनानं बाईंकडे एकदाच पाहिलं, वॉर्डात एखाद्या बाटलीत सलाइन किती उरलंय ते पाहावं तसं, आणि पुन्हा माझ्याकडे वळली.

"त्या बाईंचं मला काही आश्चर्य वाटत नाही," ती म्हणाली. "एल्म रस्त्यावर तसल्या दर घरात एक आहे. मला तुला विचारायचंय. माझ्या ओसरीवर कोण बसलं, कोण काय बोललं, हे लिहून पाठवू का, असं तू मला कधी विचारलंस?"

"मी भावाला लिहिलं, लोरीना. कौतुकानं लिहिलं."

"कुणाला लिहिलंस ते नाही विचारलं."

"नाही," मी म्हटलं. "विचारलं नाही."

"आम्ही फार जपून राहतो, हेमा. कुणाला घरात घ्यायचं, कुणापुढं काय बोलायचं, हे आम्ही पोरांना चालायच्या आधी शिकवतो. तुझ्यासाठी मी दार उघडलं, कारण तू खिडकीपाशी येऊन बसलीस." तिनं हॅट डोक्यावर घातली, पिन खोचली. "वॉल्टर कुठं आहे?"

मी मोटारीकडे हात दाखवला. ती गेली.

त्याच संध्याकाळी मी माझी ट्रंक भरली आणि इस्पितळाच्या वसतिगृहात राहायला गेले. बाईंनी ट्रंक उतरवायला मदत केली. जिन्यावर दोघींच्या हातांत दोन कड्या. दारात त्या म्हणाल्या, "स्वेटर विसरलीस." मी म्हटलं, "राहू द्या."

तीन आठवड्यांनी वॉल्टरला नोकरीवरून काढल्याचा हुकूम आला. कारण एका ओळीचं: निष्ठेविषयी वाजवी शंका. त्या गावात मग त्याला कुणीच काम देईना. लोहाराच्या भट्टीवरही नाही, चुन्याच्या खाणीतही नाही. एल्म रस्त्यावरच्या लोकांना पुन्हा दगड मारायची गरज उरली नाही. ऑगस्टमधे त्यांनी घर विकून डेट्रॉइटची वाट धरली. तोवर पाच महिने लोरीना आणि मी एकाच वॉर्डात काम केलं. ती मला रोग्याचा ताप सांगे, औषधाची वेळ सांगे, चादरीचं दुसरं टोक हातात देई. त्यापलीकडे एक शब्द बोलली नाही. तिनं माझा अपमान कधीच केला नाही. केला असता तर बरं झालं असतं. तिच्या शेवटच्या दिवशी मी तिच्यासाठी भेट म्हणून हातरुमाल आणले होते. तिनं ते घेतले, आभार मानले, आणि डेट्रॉइटचा पत्ता दिला नाही. मीही मागितला नाही. कोणत्या तोंडानं मागणार?

मला खरोखरच कुणी हात लावला नाही. शिक्षण पुरं झालं, प्रशस्तिपत्र मिळालं. परतीच्या बोटीवर मी ते काढून पाहिलं तेव्हा त्यावरचं माझं नाव दुसऱ्याच कुणाचं वाटलं. शांतवनला मी हे सगळं पुढं समक्षच सांगितलं. त्या घरातून निघाल्यापासून मी त्याला घरच्या खुशालीपलीकडे काही लिहिलं नव्हतं, आणि त्यानं ते ओळखलं होतं. ऐकून तो म्हणाला, "बाईंनी?" एवढंच. पुन्हा तासाभरानं, जेवताना, "आपल्या बाईंनी?" त्यालाही त्यांनीच शिकवलं होतं.

१९६१ साली आमच्या इस्पितळाचा उत्सव होता. मी तोवर नगरला मेट्रन झाले होते. लोमिसबाई शहात्तर वर्षांच्या, काठी टेकत, पाहुण्या म्हणून आल्या. सगळं नगर लोटलं. त्यांच्या हाताखाली शिकलेल्या बाया नातवंडं घेऊन आल्या होत्या; बाई एकेकीला नावानं हाक मारत होत्या, कुणाच्या सासूची चौकशी, कुणाच्या गुडघ्याची. त्यांचं मराठी तसंच होतं. ऐकताना माणसं रडत होती.

माझ्यापाशी आल्या तेव्हा त्यांनी काठी बाजूच्या मुलीकडे दिली आणि दोन्ही हात पुढं केले.

"हेमा. पोरी, किती वाळलीस गं."

मी नमस्कार केला. आणि इंग्रजीत म्हटलं, "आपलं स्वागत असो, मिस लोमिस. प्रवास सुखाचा झाला ना?"

त्यांचे हात तसेच पुढं राहिले. आजूबाजूच्यांना वाटलं, मेट्रनबाई पाहुणीचा मान ठेवताहेत. बाईंना एका क्षणात कळलं. तरी त्यांनी दिवसभर प्रयत्न सोडला नाही. वॉर्ड दाखवताना, जेवताना, फोटोला उभं राहताना त्या मला मराठीत विचारत राहिल्या, शांतवन कसा आहे, त्याला मुलं किती, तू लग्न का नाही केलंस, अजून आलं घालतेस का चहात. प्रत्येक प्रश्नाला मी नीट, आदरानं, पुरं उत्तर दिलं. इंग्रजीत.

संध्याकाळी त्यांना मोटारीपर्यंत पोचवायला मीच गेले, कारण ते माझं काम होतं. मी त्यांना आत बसवलं, शाल पायांवर घातली. त्या थोडा वेळ माझ्या हाताकडे पाहत राहिल्या. मग त्यांनी मान वर केली.

"थँक यू, मेट्रन," त्या म्हणाल्या.

नगरच्या मातीत त्यांनी माझ्याशी इंग्रजीत बोललेले ते पहिले शब्द. मी मोटारीचं दार लावलं आणि वॉर्डाकडे वळले. माझ्या मागून बाया हात हलवत होत्या, मोटारीमागं ‘बाई, बाई’ म्हणून हाका मारत होत्या.